मागून धडकला म्हणजे चूक त्याचीच?

*वाचकाचं पत्र*

वकीलताई,

माझे मिस्टर (वय ३४) शिरवळच्या एमआयडीसीत कंत्राटी कामगार होते. महिन्याला २२ हजार मिळायचे. दीड महिन्यापूर्वी सेकंड शिफ्ट सुटल्यावर मोटारसायकलवरून घरी येताना, खंबाटकी घाटाच्या अलीकडे, हायवेवर बंद पडलेल्या दहाटायरी ट्रकला ते मागून धडकले. जागीच गेले. ट्रकचे दिवे बंद होते. माझे दीर सगळ्यांत आधी पोचले. ते सांगतात, मागे तीन दगड आणि बाभळीची एक फांदी टाकलेली होती, बाकी काही नाही. ड्रायव्हर पळून गेला, सकाळी स्वतःच चौकीत हजर झाला.

पोलीस म्हणतात, उभ्या गाडीला मागून धडकलाय, म्हणजे गुन्हा मयतावरच. गेल्या आठवड्यात ट्रकमालकाचा माणूस घरी आला. तीन लाख रोख देतो म्हणाला, 'आमची काही तक्रार नाही' असं स्टँपवर लिहून द्यायचं. सासरे म्हणतात, घेऊन टाक, कोर्टात वर्षं जातात आणि चूक तर आपल्याच पोराची. मातीच्या वेळी त्याच माणसाकडून त्यांनी ५० हजार घेतलेतही. दवाखान्यात एक एजंट भेटला होता, तो म्हणतो क्लेम मी करतो, ३० टक्के माझे.

मला सहा वर्षांची मुलगी आणि दोन वर्षांचा मुलगा आहे. परवा ड्रायव्हरची बायको आली होती, कडेवर तान्हं बाळ. पाया पडायला लागली. मी दार लावून घेतलं, आणि तेव्हापासून झोप नाही. सही करू का?

— एक वाचक, ता. खंडाळा

*उत्तर*

ताई,

सही करू नका. हे आधी लिहिते, कारण तो माणूस परत येणार आहे. आला की सांगा, 'आमच्या वकिलांशी बोला.' वकील अजून ठरला नसला तरी हेच सांगा.

तुमच्या पत्रातली सगळ्यांत मोलाची गोष्ट तुम्ही अगदी सहज लिहून गेलात. ते तीन दगड आणि बाभळीची फांदी. हायवेवरून रात्रीचा प्रवास करणाऱ्या कुणालाही हे दृश्य ओळखीचं आहे. गाडी बंद पडली की ड्रायव्हर खाली उतरतो, कडेचे दगड उचलतो, चार-सहा पावलांवर ओळीने मांडतो, एखादी फांदी मोडून आणतो आणि केबिनमध्ये जाऊन आडवा होतो. (गाडी दुरुस्त होऊन निघून जाते, दगड मात्र रस्त्यावरच राहतात आणि पुढच्या मोटारसायकलवाल्याला आडवे येतात, ते वेगळंच.) खरं तर प्रत्येक ट्रकमध्ये लाल रिफ्लेक्टरचा त्रिकोण असायलाच हवा, आणि गाडी बंद पडली की तो मागे, लांबून दिसेल असा उभा करायलाच हवा. तो शंभर-दोनशे रुपयांना मिळतो. काळ्या डांबरावर काळा दगड अंधारात दिसत नाही, हे मांडणाऱ्यालाही माहीत असतं. पण दगड मांडले याचा अर्थ, गाडी बराच वेळ इथे उभी राहणार आणि तिच्यामुळे धोका आहे, हे त्याला कळलेलं होतं. कळूनही त्रिकोण नाही, पार्किंगचे दिवे नाहीत. आमच्या भाषेत हा हयगयीचा पुरावा आहे.

आता 'मागून धडकला म्हणजे चूक त्याची' या वाक्याकडे येते. हे वाक्य चौकीत, सासऱ्यांच्या तोंडी, विमा कंपनीच्या वकिलाकडून, सगळीकडे तुम्हाला ऐकू येणार आहे. चालत्या गाडीच्या मागे दुसरी चालती गाडी असेल, दिवसाची वेळ असेल, तर त्यात तथ्य असतं. रात्री रस्त्यात विनादिव्याचा उभा ट्रक ही गोष्टच निराळी. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२२ प्रमाणे इतरांना धोका होईल अशा जागी गाडी सोडणं हा त्या गाडीवाल्याचा दोष आहे. भारतीय न्याय संहितेत कलम २८५ आहे, सार्वजनिक रस्त्यावर अडथळा किंवा धोका निर्माण करण्याबद्दलचं. गाडी चालू नव्हती म्हणून अपघात 'गाडीच्या वापरातून' झालाच नाही, हाही युक्तिवाद जुना आहे, आणि तो तुमच्याच महामार्गावर निकालात निघालेला आहे. १९८७ च्या ऑक्टोबरात पुणे-बंगळूर रस्त्यावर पेट्रोलचा टँकर ट्रकला धडकून कडेला उलटला. पेट्रोल गळत राहिलं, लोक जमले, आणि काही तासांनी स्फोट होऊन त्यांतले काही दगावले. टँकर तर तेव्हा निपचित पडलेला होता. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बंद पडलेलं, हलू न शकणारं वाहनसुद्धा कायद्याच्या दृष्टीने 'वापरात' असू शकतं. पुढे २०१८ मध्ये, रस्त्यात विनादिव्याने उभ्या केलेल्या टँकरला रात्री कार धडकली त्या प्रकरणात, उच्च न्यायालयाने कारवाल्यावर टाकलेला निम्मा दोष सर्वोच्च न्यायालयाने काढून टाकला आणि सगळी जबाबदारी टँकरवर ठेवली.

म्हणजे तुमच्या मिस्टरांच्या वाट्याला शून्य दोष येईल असं मी म्हणत नाही. न्यायाधिकरण (मोटार अपघाताच्या भरपाईचे दावे चालवणारं कोर्ट) काही टक्के त्यांच्यावर टाकू शकतं. गाडीचा वेग किती होता, हेडलाइट चालू होता का, तिथे रस्त्यावर दिवे होते का, ट्रक पूर्ण लेनमध्ये होता की निम्मा खाली उतरवलेला, यावर ते ठरतं. पण 'काही टक्के' आणि 'सगळी चूक' यांत किती लाखांचं अंतर आहे ते पुढे आकड्यांत दाखवते.

पुढचा परिच्छेद तुम्ही वाचू नका, दिरांना द्या.

ताशी ६० च्या वेगाने मोटारसायकल एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. समोरून गाड्या येत असल्या की आपण लाइट डिपवर ठेवतो, आणि डिपर मारलेल्या दिव्यात समोरचं तीस-चाळीस मीटरपलीकडे धड दिसत नाही. दिसलं, मेंदूला कळलं, हात ब्रेकवर गेला, एवढ्यात सेकंद-दीड सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागायच्या आतच पंचवीसेक मीटर संपलेले असतात. उरलेल्या दहा-पंधरा मीटरमध्ये मोटारसायकल थांबत नाही. म्हणूनच ट्रकच्या मागे लाल परावर्तित पट्टी सक्तीची आहे (पुढे पांढरी, बाजूला पिवळी), कारण ती डिपरच्या उजेडातही पुष्कळ लांबून चमकते. आणि मागच्या बाजूला खाली जो आडवा लोखंडी बार असतो, तो जमिनीपासून ५५ सेंटिमीटरच्या आत असावा लागतो, धडकणारं वाहन ट्रकच्या साट्याखाली घुसू नये म्हणून. प्रत्यक्षात पट्टी चिखलाने माखलेली, ताडपत्रीची दोरी टेललॅम्पवर लोंबणारी, बार वाकून वर गेलेला किंवा गॅरेजमध्ये कापून टाकलेला. दिरांनी मोबाइलवर काही फोटो काढले होते का? काढले असतील तर त्यांत या तीन गोष्टी नीट बघायला सांगा: पट्टी, दिवा, बार. फोटो कुणालाही पाठवण्याआधी मूळ फाइल जपून ठेवा. व्हॉट्सॲपवरून फिरवलेल्या फोटोतून वेळ-तारखेचा तपशील निघून जातो.

पुण्यातल्या नवले पुलासारखा अपघात झाला की सगळा महाराष्ट्र टीव्हीसमोर बसतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका अवजड वाहनामुळे एका झटक्यात पन्नासच्या आसपास वाहनं चेपली, तीन वर्षांनी नोव्हेंबरातच कंटेनरने आठ जणांचा जीव घेतला. उताराचं गणित, न्यूट्रलवर सोडलेली गाडी, तापून सुटलेले ब्रेक, यांवर पुष्कळ चर्चा झाली, आणि ती व्हायलाच हवी. उभ्या ट्रकवर मात्र कुणी बोलत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये समृद्धी महामार्गावर वैजापूरजवळ थांबवलेल्या ट्रकवर मागून प्रवासी गाडी आदळून बारा माणसं गेली, तेव्हा ट्रक रस्त्यात थांबवणाऱ्या आरटीओच्या माणसांवरच गुन्हा नोंदवला गेला. बारा गेले म्हणून प्रश्न विचारला गेला, 'गाडी तिथे उभी का होती?' एकटा मोटारसायकलवाला गेला की हा प्रश्न कुणी विचारत नाही. तुमच्या प्रकरणात तो तुम्हालाच विचारायचा आहे, आणि लेखी.

तेव्हा चौकीपासून सुरुवात करा. मयतावर गुन्हा नोंदवायचा, आरोपीच मयत म्हणून पुढे प्रकरण मिटवून टाकायचं, ही पोलिसांची नेहमीची सोपी वाट आहे. त्याने तुमचा दावा बुडत नाही. न्यायाधिकरण एफआयआरला बांधलेलं नसतं. तिथे फौजदारी खटल्यासारखं 'संशयापलीकडे' सिद्ध करावं लागत नाही, काय घडलं असण्याची शक्यता जास्त, एवढंच बघतात. तरीही दिरांचा जबाब नोंदवला गेलाय का ते विचारा. नसेल तर दिव्यांचं, दगडांचं सगळं सविस्तर लिहून अर्ज द्या आणि तुमच्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. चौकीत दाद लागली नाही तर तोच अर्ज रजिस्टर पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा. एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि आरटीओच्या निरीक्षकाने ट्रकची तपासणी केली त्याचा अहवाल, या सगळ्यांच्या प्रती मागा. शेवटचा अहवाल विसरू नका, दिवे चालू स्थितीत होते की नाही ते त्यातच असतं.

एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल, ५० दिवसांत अंतरिम आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाकडे द्यायचा असतो, आणि तुमचे हक्क काय आहेत त्याचा छापील फॉर्म तुमच्या हातात द्यायचा असतो. तुम्हाला तो मिळालेला नाही, हे पत्रावरूनच कळतं. दीड महिना झालाय, म्हणजे अंतरिम अहवालाची वेळ आलीच आहे. चौकीत 'अंतरिम अहवाल गेला का' एवढा एक प्रश्न विचारून बघा. समोरचा माणूस खुर्चीत जरा सरळ बसतो, असा माझा अनुभव आहे.

पुराव्यातली एक गोष्ट रोज नासतेय. हायवेच्या कडेचे ढाबे, पेट्रोलपंप, गॅरेजं यांच्या सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग पंधरा दिवस, महिनाभर टिकतं, मग त्यावर नवीन चढतं. बहुतेक ते गेलेलं असेल, तरी एकदा विचारून या. जे पुसलं जात नाही ते फास्टॅग. पुण्याकडून आलेला ट्रक खेड-शिवापूरचा टोलनाका कधी ओलांडून आला त्याची वेळ नोंदलेली असते. तिथून तुमच्या जागेपर्यंत भरलेल्या गाडीलाही तास लागत नाही. नाका साडेआठला ओलांडलेला असेल आणि अपघात पावणेबाराला, तर मधले दोन-अडीच तास गाडी कुठे होती याचं उत्तर मालकाला द्यावं लागेल. ही नोंद मागवून घेणं वकिलाचं काम. तुम्ही फक्त त्याला आठवण करा, कारण खूपजण विसरतात.

आता तीन लाखांचा हिशेब. कालनिर्णयच्या पाठीमागे मांडून सासऱ्यांना दाखवा.

महिना २२ हजार म्हणजे वर्षाला २ लाख ६४ हजार. वय चाळिशीच्या आत, नोकरी कायम नाही, म्हणून पुढे पगार वाढला असता याचे ४० टक्के धरायचे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१७ मध्ये सांगितलंय. झाले ३ लाख ६९ हजार ६००. त्यातून त्यांचा स्वतःचा खर्च वजा. अवलंबून माणसं चार ते सहा असतील तर एक चतुर्थांश. तुम्ही, दोन मुलं, सासू आणि सासरे मिळून पाच. उरले २ लाख ७७ हजार २००. आता वयाप्रमाणे गुणक, म्हणजे किती पटीने गुणायचं तो आकडा. ३१ ते ३५ वयाला १६, हा तक्ता २००९ च्या निकालातला. गुणाकार येतो ४४ लाख ३५ हजार २००. यात पत्नी, मुलं, आईवडील यांनी माणूस गमावल्याबद्दलची ठरावीक रक्कम आणि अंत्यविधीचा खर्च अजून धरलेला नाही, आणि दावा दाखल केल्यापासूनचं व्याजही नाही.

समजा न्यायाधिकरणाने २५ टक्के दोष तुमच्या मिस्टरांवर टाकला. तरी ३३ लाख २६ हजार राहतात. निम्मा टाकला तरी बावीस लाखांच्या वर. आणि चूक कुणाची हा प्रश्नच न विचारता मिळणारी जी भरपाई मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ मध्ये आहे, तीसुद्धा मृत्यूला ५ लाख आहे. (ती घेतली तर मोठा दावा करता येत नाही, म्हणून तुम्ही त्या वाटेला जायचं नाही. फक्त तुलनेसाठी सांगितलं.) म्हणजे स्टँपपेपर घेऊन आलेला माणूस कायद्यातल्या सगळ्यांत खालच्या आकड्याच्याही खालचा आकडा सांगतोय.

आणि हे पैसे ट्रकमालकाच्या खिशातून जायचे नाहीत. ते ट्रकच्या विमा कंपनीने द्यायचे असतात. मग मालक स्वतःचे तीन लाख घालायला का निघालाय? याची उत्तरं दोन-तीनच असतात. विम्याची मुदत संपलेली असेल, फिटनेस किंवा परमिट संपलेलं असेल, किंवा ड्रायव्हरकडे त्या वर्गाचं लायसन्स नसेल. लायसन्सचा घोळ असला तरी बहुतेक वेळा विमा कंपनीला आधी तुम्हाला द्यावं लागतं, मग ती मालकाकडून वसूल करते. मालकाला भीती आहे ती याची. तुम्ही ट्रकचा नंबर घालून परिवहनच्या पोर्टलवर किंवा एमपरिवहन ॲपवर विमा आणि फिटनेस कधीपर्यंत आहे ते आजच बघा. दोन मिनिटांचं काम आहे. विमा खरोखरच नसेल तर गोष्ट अवघड होते. मग दावा थेट मालकावर, आणि ट्रक विकला जाऊ नये म्हणून वकिलाला लगेच हालचाल करावी लागते.

त्या स्टँपपेपरबद्दल थोडं स्वतःचं सांगते. वकिलीच्या सुरुवातीला माझ्याकडे एक बाई आल्या होत्या, नवरा अशाच उभ्या ट्रकवर गेलेला. त्यांनी चाळीस हजारांवर सही केली होती, वाचता येत नव्हतं. कागदावर लिहिलं होतं, 'मयताच्या चुकीमुळे अपघात झाला असून आम्हास संपूर्ण नुकसानभरपाई मिळाली आहे.' उलटतपासणीत विमा कंपनीच्या वकिलाने तो कागद हळूच बाहेर काढला. तो कागद निरुपयोगी ठरवायला मला चार वर्षं लागली, आणि तरी दोषाचे टक्के वाढले ते वाढलेच. गंमत अशी की फौजदारी बाजूला त्या कागदाची किंमत शून्य असते. हयगयीने मृत्यूचा गुन्हा आपसात मिटवता येत नाही, खटला सरकार चालवतं. तो कागद फक्त एका जागी उपयोगी पडतो, तुमचा दावा कापायला.

सासऱ्यांनी घेतलेल्या ५० हजारांबद्दल त्यांच्यावर रागावू नका. घरात प्रेत असताना समोर आलेले पैसे घेतले, एवढंच झालंय. परत करायला धावू नका. त्या वेळी कशावर सही केली का, अंगठा दिला का, ते शांतपणे विचारून घ्या आणि वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा. लपवलं तर तेच उलटतं.

सासऱ्यांच्या घाईमागे आणखी एक काळजी असू शकते, जी ते तुमच्यासमोर बोलणार नाहीत: उद्या सून दुसरं लग्न करून गेली तर? भरपाई सगळी एकाच्या हातात पडत नाही. न्यायाधिकरण आई-वडील, पत्नी, मुलं असे वाटे ठरवून देतं, आणि मुलांची रक्कम ती अठरा वर्षांची होईपर्यंत बँकेत मुदत ठेवीत राहते. हे त्यांना समजावून सांगा, निम्मा ताण जाईल. आणि तुमच्यापुरतं सांगायचं तर, पुनर्विवाह केला म्हणून विधवेचा भरपाईचा हक्क जात नाही, असा मुंबई उच्च न्यायालयाचा २०२३ चा निकाल आहे. आत्ता तुमच्या मनात हा विषयसुद्धा नसेल. पुढे कुणी त्यावरून दबाव आणला तर लक्षात असू द्या.

३० टक्के मागणाऱ्या एजंटला नमस्कार करा. वकिलाने निकालाच्या रकमेवर टक्केवारी ठरवणं बार कौन्सिलच्या नियमांतच बसत नाही, एजंटचं तर सोडाच. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. साताऱ्याला जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, किंवा १५१०० वर फोन करा. दावा तुम्ही राहता त्या भागातल्या न्यायाधिकरणात करता येतो, ट्रकमालक कुठल्या का राज्यातला असेना. मुदत अपघातापासून सहा महिने. या मुदतीवरून सर्वोच्च न्यायालयात वाद चालू आहे, पण तुम्ही त्याच्या भरवशावर राहू नका, तिसरा महिना संपायच्या आत अर्ज पडू दे. सासरे म्हणतात ते खरं आहे, दोन-चार वर्षं जातात. कधी लोकअदालतीत लवकर मिटतं. तिथेही कंपनीचा पहिला आकडा ऐकून मान डोलवायची नाही.

दाव्याशी संबंध नसलेले काही पैसे मात्र लवकर मिळू शकतात आणि बायकांना हे कुणी सांगतच नाही. मोटारसायकल मिस्टरांच्या नावावर होती का? तिची पॉलिसी शोधा. त्यात मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा असेल तर १५ लाख आहेत, आणि तिथे चूक कुणाची हे बघत नाहीत, लायसन्स बघतात. पगारातून पीएफ कापला जात होता का? कंत्राटी असले तरी कापला असेल तर त्याला जोडलेला विमा असतो, जास्तीत जास्त ७ लाखांपर्यंत, शिवाय तुम्हाला आणि मुलांना पेन्शन. ठेकेदार टाळाटाळ करेल, कंपनीच्या एचआरला लेखी विचारा. बँकेच्या पासबुकात वर्षाला २० रुपये कापल्याची नोंद असेल तर प्रधानमंत्री सुरक्षा विम्याचे २ लाख. आणि सासऱ्यांच्या नावावर सातबारा असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत खातेदाराच्या घरातला एक माणूसही बसतो, २ लाख. या योजनेत अर्जाची मुदत फार थोडी असते, म्हणून उद्याच तालुका कृषी कार्यालयात जा आणि उशिराचं कारण लिहून अर्ज द्या. विम्याचे, पीएफचे हे पैसे मिळाले म्हणून दाव्यातली भरपाई कमी होत नाही.

आता ती बाई.

दार लावून घेतलंत यात काही गैर नाही. दीड महिन्याच्या जखमेवर कुणाचे तरी हात पायाला लागले, माणूस मागे सरकणारच. झोप येत नाही ती दार लावल्यामुळे नसून, तिच्या कडेवरचं मूल दिसल्यामुळे असावी, असं मला पत्र वाचताना वाटलं.

तिच्यावर दया आली म्हणून दावा सोडावा लागत नाही आणि दावा केला म्हणून तिच्या नवऱ्याचं घर विकलं जात नाही. भरपाईच्या दाव्यात ड्रायव्हरचं नाव असतं, पैसे कंपनी देते. फौजदारी खटला होईल तो सरकारचा. तो मागे घेणं तुमच्या हातात नाही, त्यामुळे पाया पडूनही तुम्ही काही देऊ शकत नाही, हे तिला कुणीतरी सांगायला हवं. तो पळाला याचा राग तुम्हाला आहे, असणारच. जमाव ट्रक ड्रायव्हरचं काय करतो हे आपण सगळ्यांनी बघितलंय. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ मध्येसुद्धा जखमीला मदत करण्याच्या सक्तीतून जमावाच्या संतापाचा अपवाद ठेवलेला आहे. तो सकाळी आपल्या पायांनी हजर झाला, हेही त्याच्या खात्यात धरा.

आणि एक गोष्ट फक्त व्यवहाराची. गाडी किती वाजता बंद पडली, त्याने मालकाला फोन केला का, मालक काय म्हणाला, 'मेकॅनिक पाठवतो, तिथेच थांब' असं म्हणाला का, गाडीत त्रिकोण कधी दिलाच होता का, तो सलग किती तास स्टिअरिंगवर होता (नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या मोटार वाहतूक कामगारांच्या १९६१ च्या कायद्यात दिवसाला आठ तासांच्या वर नाही आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती असं होतं, कागदावर), हे सगळं सांगू शकणारा जगात एकच माणूस आहे. पुष्कळ गाड्यांवर हल्ली क्लीनरही नसतो, तेव्हा दुसरा साक्षीदार नाहीच. मालकाने त्याला सांगून ठेवलं असेल, 'मोटारसायकलवाला भरधाव होता एवढंच बोल.' पण सगळा दोष त्याच्या एकट्याच्या गळ्यात पडणार हे त्याला जेव्हा कळेल, तेव्हा त्याच्या आणि तुमच्या हिताची गोष्ट एकच होते. तुम्ही तिच्याकडे जाऊ नका, तिला काही कबूल करू नका, पैशांचं तर अजिबात बोलू नका. ती परत आली आणि तुम्हाला दार उघडावंसं वाटलं तर उघडा, पाणी द्या, आणि तुमच्या वकिलाचा नंबर चिठ्ठीवर लिहून द्या. उघडावंसं वाटलं नाही तर सासूबाईंच्या हातून चिठ्ठी द्या.

सोमवारी दिरांना घेऊन चौकीत जा. घटनास्थळ पंचनाम्याची प्रत हातात आली की बाकी काही वाचायच्या आधी त्यात दगडांचा आणि फांदीचा उल्लेख आहे का ते बघा. असेल तर मला कळवा. नसेल तर त्याच दिवशी कळवा.